मोहाच्या भट्टीपासून घरच्या कपाटापर्यंत

ग्वाल्हेरच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडून लष्करच्या दिशेने निघालेल्या प्रवाशास आरंभीच जी वस्ती लागते, तिचे नाव पडाव. पडाव म्हणजे मुक्काम, तळ. या शहरातील अनेक नावे अशीच तळाची आठवण सांगणारी आहेत. लष्कर हे तर अर्ध्या नगराचेच नाव. कंपू म्हणजे कवायती पलटणींची छावणी, जिनसी म्हणजे तोफखाना, आणि शिंद्यांची छावणी ही तर स्वतःच्या नावानेच बोलते. 1810 साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला, तेव्हा उज्जैनची राजधानी येथे आली. तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले, शितोळे, फाळके, आंग्रे अशी दख्खनी घराणी येथे नांदू लागली आणि फिरते लष्कर स्थिर नगर झाले.

फौजेचा तळ म्हटला की त्यामागे बाजार आलाच. 1809 साली दौलतरावांच्या तळावर इंग्रज वकिलाच्या रक्षक तुकडीचा प्रमुख म्हणून राहिलेल्या ब्राउटन नावाच्या अधिकाऱ्याने जी पत्रे लिहिली, त्यांत या चालत्या नगराचे वर्णन आहे. अशा बाजारात वाणी, बागवान, लोहार, सराफ असत, तसाच कलालही असे. दिवसभराची मजल मारून थकलेला शिपाई सायंकाळी त्याच्या दुकानाकडे वळे. त्याच्या हाती पैसा थोडा आणि थकवा फार. थोड्या पैशात मिळणारे मद्य कोणते, ते कोण गाळतो आणि त्याची किंमत कोण ठरवितो, या तीन प्रश्नांचा इतिहास त्या तळापासून आजच्या घरगुती कपाटापर्यंत अखंड चालत आलेला आहे. तो नुसता चवीचा इतिहास नव्हे. त्यात राज्यांची तिजोरी आहे, गरिबाचा संसार आहे आणि कित्येकांचे प्राणही आहेत.

मध्य हिंदुस्थानातील गरिबाचे मद्य म्हणजे मोहाचे. शिवपुरी आणि श्योपूरच्या रानांपासून गोंडवनापर्यंत, विदर्भाच्या अरण्यांपासून ठाण्याच्या डोंगरपट्टीपर्यंत मोहाचे झाड सर्वत्र आढळते. फाल्गुन-चैत्रात त्याची मांसल, गोड फुले पहाटे जमिनीवर सडा घालतात. बायकामुले ती टोपल्यांत वेचून उन्हात वाळवितात. दुष्काळात हेच फूल अन्न म्हणून पोटाला आधार देत आले आहे. गाळण्याची रीत साधी असते. वाळलेली फुले पाण्यात भिजत घालून काही दिवस आंबू द्यावयाची, ते आंबवण मडक्यात घालून खाली जाळ करावयाचा, वाफ नळीवाटे दुसऱ्या भांड्यात न्यावयाची आणि त्या भांड्यावर गार पाणी ओतीत राहावयाचे. झाड रानाचे, सरपण रानाचे, श्रम घरचे. मद्यास किंमत अशी नव्हतीच. लग्न, मर्तिक, देवकार्य यांत ते पाहुण्यास देण्याची वस्तू होते. सर्वांत स्वस्त मद्य तेच, कारण ते विकत घ्यावे लागत नसे.

दख्खनेतील राज्यकर्त्यांची दृष्टी निराळी होती. न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशांवर लिहिताना दाखवून दिले आहे की, पेशवाईत मद्य करणे आणि विकणे यांस मनाई असे. तथापि 1739 साली वसई जिंकली गेली आणि उत्तर कोकणचा प्रदेश ताब्यात आला, तेव्हा तेथील भंडारी, कोळी आदी जातींना सवलत द्यावी लागली. ब्राह्मण, प्रभू आणि सरकारी अंमलदार यांना मात्र ती नव्हती. ज्यांचा व्यवसाय आणि रिवाज माडी-ताडीशी जडलेला होता, त्यांच्यावर पुण्याचा नियम जसाच्या तसा लादता आला नाही. पुढे प्रत्येक सरकारला जो पेच पडला, त्याचे मूळ येथेच दिसते. नीतीचा नियम एकसारखा असावा असे वाटते, परंतु माणसांचे रिवाज एकसारखे नसतात.

इंग्रजी अमलात या पेचाचे रूपांतर हिशेबात झाले. आबकारी हा शब्द फारसी आहे. आबकार म्हणजे मद्य गाळणारा. त्याच्या धंद्यावरील कर तो आबकारी कर. कमीत कमी खप आणि जास्तीत जास्त उत्पन्न हे इंग्रजी आबकारी धोरणाचे जाहीर सूत्र होते. त्यातील पहिल्या अर्ध्याविषयी लोकांना संशय असे, दुसऱ्याविषयी कोणालाच नसे. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने गाळण्याचा आणि विकण्याचा अधिकार सरकारी परवान्याच्या चौकटीत आणला. घरोघरची आणि गावोगावची भट्टी गुन्ह्यात जमा होऊ लागली आणि गाळण्याचे काम मोठ्या कारखान्यांत एकवटले. मुंबई शहराला पुरवठा करणारे उरण हे त्या काळी मोहाच्या मद्याचे मोठे केंद्र होते आणि तेथील भट्ट्यांचे मालक प्रामुख्याने पारशी व्यापारी होते. इतके करूनही चोरून गाळणे थांबेना, तेव्हा 1892 साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा झाला. मद्यच नव्हे, तर मोहाचे नुसते फूल बाळगणे हेही त्याने निर्बंधाखाली आणले. जे फूल दुष्काळात पोटाला आधार होते, ते टोपलीत सापडले तर जाब द्यावा लागे. रानातून फुकट मिळणारी वस्तू आता दुकानातून, कर भरून, विकत घ्यावी लागू लागली. स्वस्त मद्य महाग झाले ते असे.

कर बसवावयाचा तर मद्याची तीव्रता मोजावी लागते. त्यासाठी इंग्रजांनी आपले जुने माप आणले. मद्यात भिजविलेली बंदुकीची दारू पेट घेते की नाही, यावरून पूर्वी तीव्रतेची परीक्षा करीत. जे मद्य या परीक्षेस उतरे ते शंभर अंशांचे. त्यात आकारमानाने सुमारे 57 टक्के मद्यार्क असतो. त्यापेक्षा 25 अंशांनी कमी ते 75 अंशांचे, म्हणजेच 42.8 टक्क्यांचे. आजही भारतीय रम, व्हिस्की आणि ब्रँडीच्या बाटलीवर 42.8 हा विचित्र वाटणारा आकडा छापलेला आढळतो. तो चवीच्या शास्त्रातून आलेला नाही. तो कर वसूल करणाऱ्याच्या मापातून आलेला आहे.

ही आबकारी लोकांच्या नजरेतून सुटली नाही. 1880 साली पुण्यात मद्याची दुकाने वाढू लागली, तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी त्याविरुद्ध लेखी तक्रार केली. या दुकानांमुळे कुटुंबे धुळीस मिळतात आणि नगरपालिका मात्र लोकांच्या आरोग्यावर खर्च करीत बसते, यातील विसंगती त्यांच्या ध्यानी आली होती. 1908 साली लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यातील स्वयंसेवक मद्याच्या दुकानांपुढे उभे राहून गिऱ्हाइकांना परतवू लागले. विचारसरणीने परस्परांपासून इतके दूर असलेले हे दोन पुरुष एका गोष्टीवर एकमत होते. गरिबाच्या पेल्यातून सरकारची तिजोरी भरावी, हे दोघांनाही मान्य नव्हते.

इकडे ग्वाल्हेरात पडावापलीकडे मुरारची छावणी होती. 1886 साली झाशीच्या बदल्यात किल्ला आणि मुरार शिंद्यांकडे परत येईपर्यंत तेथे गोरी फौज राहत असे. तिच्या शिपायास रम किंवा अरक याचा ठरावीक वाटा मिळे. अधिकाऱ्याच्या बंगल्यावर ब्रँडी, जिन आणि बीअर असे. सारे विलायतेहून आणणे खर्चाचे होते. म्हणून एडवर्ड डायर याने 1855 च्या सुमारास हिमालयातील कसौली येथे मद्याचा कारखाना काढला. हिवतापावर घ्यावयाचे कडू कोयनेल गोड सोड्यात घालून त्यात जिन मिसळण्याची रीतही याच काळातली. त्याहून जुने पेय म्हणजे पंच. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला या पाच जिनसांवरून, आपल्या पंच या शब्दापासूनच ते नाव निघाले असे सांगतात. थोड्या मद्यात पुष्कळ पाहुण्यांची सरबराई करण्याची ती काटकसरीची युक्ती होती.

परदेशी धाटणीचे मद्य सामान्य पगारदाराच्या आटोक्यात आले ते मात्र उसामुळे. साखर काढून झाल्यावर जी काळी, चिकट मळी उरते, तिच्यात बरीच साखर शिल्लक असते. ती आंबवून गाळली की मद्यार्क मिळतो. एक टन मळीतून साधारण सव्वादोनशे लिटर. ग्वाल्हेरजवळ डबऱ्यास साखर कारखाना निघाला. महाराष्ट्रात 1950 च्या सुमारास प्रवरानगर येथे सहकारी कारखाना उभा राहिला आणि पुढे अशा कारखान्यांची रांगच लागली. साखरेचे मोल शेतकऱ्यास मिळाले आणि मळीतून आसवन्या चालल्या. 1949 साली नरेंद्रनाथ मोहन यांनी डायर-मीकिन ही जुनी कंपनी घेतली आणि 1954 साली तिची ओल्ड मंक ही रम बाजारात आली. मळीचीच असल्याने ती स्वस्त आणि पिंपात काही वर्षे मुरविल्याने मऊ. लष्करी कँटीनमधून ती जवानापर्यंत आणि जवान सुटीवर आला की त्याच्या घरापर्यंत पोहोचली. कपाटात कापडामागे ठेवलेली रमची बाटली ही मुरारसारख्या छावणीच्या गावातील निवृत्त सुभेदाराच्या घरची परिचित वस्तू झाली.

थोड्या पैशात घरी मद्य बाळगू पाहणाऱ्या गृहस्थास हा इतिहास काही उपयोगी गोष्टीही शिकवितो. स्वस्त रम ही आपल्या नावाशी प्रामाणिक असते, कारण रम जगात सर्वत्र उसाचीच होते. स्वस्त व्हिस्कीचे तसे नाही. व्हिस्की ही मूळची धान्याची. आपल्याकडील स्वस्त व्हिस्कीत बहुतांशी मळीचा निर्गंध मद्यार्क असून वास आणि रंग वरून दिलेला असतो. युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तेव्हा महाग नावाच्या स्वस्त नकलेपेक्षा स्वस्त नावाची अस्सल वस्तू बरी. व्होडका निर्गंधच असावयाची आणि जिनला जुनिपरच्या फळांचा वास द्यावयाचा, म्हणून या दोहोंत मळीचा मद्यार्क तितका खटकत नाही. गोव्याची काजू फेणी तर स्वतंत्रच. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेल्या झाडाच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या गाळण्यात हुर्राक आणि पुढच्या गाळण्यात फेणी निघते. 2009 साली तिला भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण मिळाले. एक रम, एक जिन, लिंबे, साखर आणि सोडा एवढ्यावर चार पाहुण्यांचे आतिथ्य पार पडते. गाळीव मद्य घट्ट बूच लावून ठेवल्यास वर्षानुवर्षे नासत नाही, बीअर आणि द्राक्षमद्य मात्र उघडल्यावर टिकत नाही, हाही काटकसरीचाच हिशेब. बाटली पुष्कळ दिवस पुरणे, हेच अशा कपाटाचे खरे भूषण.

परंतु बाटलीसाठी मोजलेल्या रुपयातील मोठा वाटा मद्याचा नसतोच. तो कराचा असतो. 2017 साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा पिण्याचे मद्य त्याबाहेर राहिले. प्रत्येक राज्य आपला कर आपण ठरविते, म्हणून तीच बाटली गोव्यात एका किमतीस आणि महाराष्ट्रात दुसऱ्या किमतीस मिळते. राज्यघटनेचे सत्तेचाळीसावे कलम मादक पेयांच्या बंदीसाठी झटण्यास राज्यास सांगते आणि राज्याचे अंदाजपत्रक त्याच पेयांच्या उत्पन्नावर विसंबून असते. या विसंगतीशी ग्वाल्हेरचा विशेष संबंध आहे. 1956 साली नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी भोपाळला गेली आणि ग्वाल्हेरच्या वाट्यास जी राज्यस्तरीय कार्यालये आली, त्यांत आबकारी आयुक्तांचे कार्यालय होते. राणी लक्ष्मीबाईंची समाधी ज्या फूलबागेच्या परिसरात आहे, तेथील मोतीमहालात ते थाटले गेले. पडावापासून ते फार दूर नाही. बस्तरच्या सीमेपासून निमाडपर्यंतच्या भट्ट्यांचे आणि दुकानांचे कागद शिंद्यांच्या जुन्या सचिवालयात येऊ लागले.

मुंबई राज्याने त्याच सुमारास दुसरा मार्ग धरला होता. 1949 च्या कायद्यान्वये 1950 साली संपूर्ण दारूबंदी आली. हेतू शुद्ध होता. गरिबाची मजुरी त्याच्या घरी जावी, हीच त्यामागील इच्छा. परंतु उघडे दुकान बंद होताच झोपडीतील हातभट्टी पेटली. जुन्या मोहाच्या मद्यात निदान फूल तरी होते. हातभट्टीत काळा गूळ, नवसागर आणि हाती येईल ते पडू लागले. पुढे बंदी सैल झाली, तरी पिणाऱ्याने परवाना घ्यावयाचा हा नियम महाराष्ट्राच्या कायद्यात राहिला.

हातभट्टीहूनही भयंकर अशी एक वस्तू आहे. कारखान्यांत लागणारा मिथिल मद्यार्क पिण्याच्या मद्यार्कासारखाच दिसतो आणि जिभेस फरक कळत नाही. कर नसल्याने तो अतिशय स्वस्त असतो. पोटात गेल्यावर यकृतात त्याचे विषारी आम्ल बनते. आधी दृष्टी जाते, मग प्राण. वेळीच इस्पितळात नेले तर उपाय आहे, परंतु पिणारा रात्री झोपतो आणि वेळ निघून जाते. 2015 च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणी भागात अशा मद्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. 2021 च्या जानेवारीत ग्वाल्हेरच्या शेजारच्या मुरैना जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे मेली. मेलेले बहुतेक मजूर आणि शेतकरी होते. स्वस्त मद्याची खरी किंमत त्या गावांनी मोजली. त्याच वर्षी मध्य प्रदेश विधानसभेने कायदा कडक केला. विषारी मद्याने मृत्यू घडविणाऱ्यास जन्मठेप आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास देहान्तापर्यंत शिक्षा त्यात ठेविली.

केवळ शिक्षेने भागत नाही, हे ध्यानी घेऊन 2022 च्या जानेवारीत त्या राज्याने नवे आबकारी धोरण ठरविले. विदेशी धाटणीच्या मद्याची किरकोळ किंमत सुमारे 20 टक्क्यांनी उतरविली. अस्सल मद्य आटोक्यात आले की माणूस विषाकडे वळणार नाही, असा त्यामागील विचार. घरी मद्य ठेवण्याची मर्यादा चौपट केली. ज्यांचे वार्षिक उत्पन्न निदान एक कोटी रुपये आहे, त्यांना वर्षाला 50,000 रुपये भरून घरीच मद्यशाळा ठेवण्याचा परवाना देऊ केला. आणि त्याच धोरणात मोहाच्या मद्यास वारसा मद्य म्हणून मान्यता देऊन ते गाळण्याचे व विकण्याचे काम आदिवासींच्या बचत गटांकडे सोपविण्याचे ठरले.

या शेवटच्या दोन कलमांत दोनशे वर्षांचा इतिहास समोरासमोर उभा राहतो. ज्या घरात एके काळी परवान्यावाचून मद्य गाळले जाई, त्या घरावर आबकारीने गुन्हा लादला. आदिवासींना घरच्या वापरापुरती मर्यादित सूट पुढे मिळाली, पण विक्रीचा धंदा मात्र इतरांच्या हाती राहिला. आता तेच मद्य सुबक बाटलीत भरून त्यांच्याच हातून विकले जावे असे ठरले, ही भरपाई होय. ती उशिरा आली, तरी योग्य आहे. दुसऱ्या बाजूस घरी मद्याचा मोठा साठा बाळगण्याची मोकळीक कोट्यधीशास मिळाली. मधला माणूस, ज्याच्या कपाटात एखाद-दुसरी बाटली असते, त्याला या परवान्याचे कारण नाही. त्याला हवे आहे ते एवढेच की, त्याने घेतलेली बाटली विषाची नसावी आणि तिच्या पायी महिन्याचा किराणा अडू नये.

या हिशेबात एक माणूस नेहमी गाळला जातो, तो म्हणजे त्या घरातील स्त्री. महाराष्ट्रातील अनेक गावांत स्त्रियांनी मतदान करून मद्याचे दुकान बंद पाडले आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. ज्यांनी बाटली आडवी केली, त्यांना मद्याची तीव्रता किती अंशांची हे ठाऊक नसेल. तिची किंमत मात्र अचूक ठाऊक होती. मुलाच्या शाळेची फी, दुकानदाराची उधारी आणि पाठीवरचे वळ या मापांनी त्यांनी ती मोजली होती. 2023 साली मध्य प्रदेशाने दुकानांलगतचे बसून पिण्याचे अहाते बंद केले, तेव्हा त्या वाटेने सायंकाळी जाणाऱ्या स्त्रियांचा रस्ता थोडा मोकळा झाला.

मद्य समूळ नाहीसे करू पाहणारे नियम हातभट्टीपाशी अडले आणि मद्यातून तिजोरी भरू पाहणारे नियम गरिबाच्या दारापाशी अडले. या दोहोंच्या मधली वाट अरुंद आहे. विकणाऱ्यावर कडक नजर, अस्सल वस्तूस वाजवी कर, गाळणाऱ्या रानकरी माणसास त्याचा वाटा आणि न पिणाऱ्या माणसाच्या मतास मान, एवढ्या चार गोष्टी ज्या राज्यास साधतील, त्यास ती सापडेल. पडावावर आता तंबू नाहीत आणि तळही नाही. तेथून सायंकाळी गर्दीतून घरी परतणारा कामकरी मात्र दौलतरावांच्या शिपायासारखाच थकलेला असतो. खिशातले थोडके पैसे दुकानाकडे न्यावेत की घराकडे, हा त्याच्यापुढचा प्रश्न जुनाच आहे. त्याने काहीही ठरविले, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो डोळ्यांनी पाहत उठावा, एवढी हमी त्याला मिळावयास हवी.